गाडी किती पिते ते बघता तसं गाडीतून काय गळतं तेही बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मगच लिहायला बसलो, कारण असा प्रश्न गॅरेजवर फार कमी लोक विचारतात, बाकी सगळे "मायलेज वाढवून द्या" एवढंच म्हणतात. तुम्ही सांगितलेलं थोडक्यात परत लिहितो, म्हणजे घोळ नको. २०१९ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, वाकडवरून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन १८ किलोमीटर, महिन्यातनं एकदा वाईला माहेरी, मायलेज १२-१३च्या वर जात नाही, दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरावा लागतो, इलेक्ट्रिक गाडी आत्ता परवडणारी नाही, आणि आहे त्याच गाडीत आपल्या हातून हवा-पाण्याचं नुकसान कमी कसं होईल असं तुम्ही विचारताय. शिवाय भावाची २०२१ची डिझेल आहे, तिच्या सायलेन्सरमधला फिल्टर काढून टाका असं कुणीतरी त्याला सांगितलंय.

मी साताऱ्यात १९९८पासून गॅरेज चालवतोय. कार्बोरेटरच्या गाड्या पण केल्या आणि आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधलं वाचणारं यंत्र, लावल्याशिवाय ज्यांचं काही कळत नाही त्या पण करतो. इतक्या वर्षांत मला जे पटलंय ते आधीच सांगतो. गाडी पेट्रोल किती जाळते हे सगळे बघतात, पण गाडीतनं न जळता काय बाहेर पडतं, म्हणजे एसीचा गॅस, जुनं ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी), ते कुणीच बघत नाही. आणि तुमच्या गाडीत तर मला वाटतं मोठं नुकसान तिथंच चाललंय.

आकडा करून बघू. वर्षाला अडीचशे दिवस ऑफिस धरलं तर ४५०० किलोमीटर, वाईच्या फेऱ्या धरून साधारण ६६००. १३च्या मायलेजने वर्षाला ५०० लिटरच्या आसपास पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लोक म्हणतात लिटरचं वजनच पाऊण किलो, मग धूर सव्वादोन किलोचा कसा, तर पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, ते वजन त्यात येतं. म्हणजे तुमची गाडी वर्षाला साडेअकराशे किलोच्या जवळपास सोडते.

आता एसी. बॉनेट उघडलं की आतल्या बाजूला नाहीतर रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेलं असतं. तुमच्यासारख्या गाडीत आर-१३४ए असतो, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. हा गॅस ओझोनला काही करत नाही, म्हणून तर जुन्या आर-१२ च्या जागी तो आला. पण हवेत उष्णता धरून ठेवायच्या बाबतीत त्याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे १३०० ते १४०० किलो. साडेचारशे ग्रॅम पूर्ण गळाला तर सहाशे किलोच्या घरात. तुम्ही वर्षभर गाडी चालवून जेवढं सोडता त्याच्या निम्म्याहून जास्त, एका छोट्या ओ-रिंगमधून, म्हणजे जोडातल्या रबरी कड्यातून, आवाज न करता. अर्धाच गळत असेल तरी ३०० किलो, म्हणजे १३० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं झालं. भारताने २०२१ साली किगाली दुरुस्तीवर (असे गॅस कमी करायचा जागतिक करार) मान्यतेची मोहोर लावली ती याच जातीच्या गॅसांसाठी, २०२८पासून त्यांच्या वापराला मर्यादा लागणार आहे. पण तुमच्या गाडीतली गळती थांबवायला २०२८ कशाला बघायचं.

"गॅस संपला" हा शब्दच चुकीचा आहे हो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तोच तोच फिरत राहतो. रबरी होजमधनं वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात भरावा लागतोय म्हणजे कुठंतरी भोक आहे. आणि गंमत म्हणून नाही सांगत, मनापासून सांगतो, दरवर्षी गॅस भरून देणारा माणूस तुमचे पण पैसे घालवतोय आणि हवा पण. मी शिकाऊ होतो तेव्हा मला हेच शिकवलेलं. जुना थोडा उरलेला गॅस असला की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हच्या पिनवर दाबायचं आणि सोडून द्यायचा. फुस्स करून पांढरी वाफ यायची, बोटं बधिर व्हायची, ऑइलचा एक गोडसर वास यायचा आणि मिनिटभरात गाडी रिकामी. दिवसाला अशा चार-पाच गाड्या उन्हाळ्यात. तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि जेव्हा कळलं तेव्हा रात्रभर हिशोब करत बसलो होतो.

तर आता काय करायचं. यंदा गॅस भरायच्या आधी सांगा की गळती शोधा, मगच भरा. चांगल्या माणसाकडे रिकव्हरी मशीन असतं, ते उरलेला गॅस आत ओढून घेतं, वजन करतं, किती कमी आहे ते सांगतं. मग नायट्रोजनचा प्रेशर देऊन जोडांवर साबणाचा फेस लावायचा, नाहीतर गॅसबरोबर रंग सोडून आठवड्याने निळ्या लाइटमध्ये बघायचं. बहुतेक वेळा चार जागा निघतात. व्हॉल्व्हची पिन आणि तिच्यावरचं प्लास्टिकचं टोपण, जे टोपण भरून झाल्यावर निम्म्या गाड्यांत परत बसवलेलंच नसतं. पाइपच्या जोडातली ओ-रिंग. पुढचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी, त्याला हायवेवरचा खडा लागलेला असतो. आणि कूलिंग कॉइल, ती डॅशबोर्डच्या आत असते, पानं-कचरा साठून ओली राहते आणि गंजते. पहिल्या दोन जागा असतील तर किरकोळ काम आहे. कॉइल असेल तर डॅशबोर्ड खोलावा लागतो, खर्च आहे, पण एकदाच. आणि थंडीत पण आठवड्यातनं एकदा दहा मिनिटं एसी लावत जा, नुसता पडून राहिला की कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडतं आणि तिथनं गळती चालू होते. गाडी झाडाखाली लावत असाल तर काचेखालच्या जाळीत पडलेली पानं रोजच्या रोज हाताने काढा, हे काम फुकट आहे आणि कॉइल वाचवतं.

एवढं एसीबद्दल. आता मायलेजकडे येतो.

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये १२-१३ मिळणं फार वाईट नाही, पण वाईच्या फेरीत पण तेवढंच मिळत असेल तर गाडीत काहीतरी आहे. आणि सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे पाच-सहा टक्के फरक तिथंच पडतो, तो तुमच्या चालवण्याचा दोष नाही.

पहिल्यांदा एक गोष्ट बघा, जी सर्व्हिसिंगवाले सहसा बघत नाहीत. सकाळी गाडी चालू केली की मीटरमध्ये निळा थर्मामीटरचा दिवा लागतो ना (काही गाड्यांत दिव्याऐवजी काटा असतो), तो किती वेळाने जातो? दोन-तीन किलोमीटरमध्ये गेला पाहिजे. हिंजवडी येईपर्यंत तो जळतच असेल, किंवा वाटेत गेला आणि हायवेला परत लागला, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) अडकलाय नाहीतर कुणीतरी काढून टाकलाय. आपल्याकडे हा एक फार जुना उपाय आहे, गाडी गरम होते म्हणाला की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. गाडी गरम व्हायची थांबते, गिऱ्हाईक खूश. पण मग इंजिन कधी नीट गरमच होत नाही, कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो, मायलेज पडतं, आणि इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं ते वेगळंच.

मागच्या वर्षी कोरेगावचे एक शिक्षक असेच आले होते. ११चं मायलेज, तीन ठिकाणी दाखवून झालेलं, प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, सेन्सर पण नवीन. मी स्कॅनर लावून त्यांच्याबरोबर एक चक्कर मारली, हायवेला इंजिनचं तापमान ६२ वरनं पुढे सरकेना. ते ८५-९० पाहिजे. होज काढून बघितलं तर आतली थर्मोस्टॅटची जागा रिकामी. नवीन बसवला, रेडिएटरचा फॅन चालत नव्हता तो केला, कारण मुळात गाडी गरम होण्याचं कारण तो फॅन होता. महिन्याने फोन आला, साडेपंधरा मिळतंय म्हणाले. दुसरं काहीही केलं नव्हतं.

गाडी सकाळी उभी ठेवून गरम करायची सवय असेल तर ती पण सोडा. ती चोकच्या गाड्यांची सवय आहे, आपल्या वडिलांची. आताच्या गाडीला वीस-तीस सेकंद पुरे, मग पहिले दोन किलोमीटर हळू न्या, रेस न करता. सायलेन्सरच्या वाटेवर जो कॅटकन असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तो विषारी वायू मारतो पण अडीचशे-तीनशे अंश तापल्यावरच. तोपर्यंत जे काही येतं ते जसंच्या तसं बाहेर. चालत्या गाडीत तो लवकर तापतो, उभ्या गाडीत उशिरा. म्हणून तर कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गाडी काढणं हे सगळ्यात घाण चालवणं. पाऊण किलोमीटर जायचं, इंजिन थंड, कॅटकन थंड, परत बंद, परत चालू. तेवढं पायी जा. आणि संध्याकाळची तीन कामं असतील तर ऑफिसवरून येतानाच, गाडी तापलेली असताना, एका फेरीत उरका.

आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तर "गाडी चालतीय की" म्हणून तसंच महिनाभर फिरू नका. एखादा प्लग किंवा त्याला ठिणगीची वीज देणारी कॉइल (एसीची नव्हे) मिस मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल सरळ कॅटकनमध्ये जाऊन तिथं जळतं, आतली जाळी वितळते. प्लगचा खर्च काही शेकड्यांत, कॅटकनचा काही हजारांत, आणि काही लोक मग खर्च नको म्हणून तो कापून पाइप जोडून घेतात. असं कधीही करू देऊ नका.

सिग्नलचं. मी स्कॅनरवर बघितलंय, छोट्या पेट्रोल गाडीला नुसतं उभं राहायला तासाला पाऊण लिटरच्या आसपास लागतं, एसी चालू असेल तर लिटरच्या जवळ. तुम्ही रोज वीस मिनिटं सिग्नलला उभ्या असाल, तर एसीसकट रोज पाव लिटरच्या वर. वर्षाला साठ-सत्तर लिटर, गाडी जागची न हलता. पुण्यात बऱ्याच सिग्नलला आकडा दिसतो, तीसच्या वर असेल तर बंद करा. परत चालू करायला जास्त पेट्रोल लागतं ही कार्बोरेटरच्या काळातली गोष्ट, आता दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असलं तरी बंद केलेलं परवडतं. फक्त बॅटरी म्हातारी झाली असेल तर आधी ती तपासून घ्या, आणि दर पाच सेकंदांनी पुढे सरकणाऱ्या रांगेत हा उद्योग नको, तिथं पुढच्या गाडीला थोडी जागा सोडून पहिल्या गिअरवर सरपटत राहिलेलं बरं. हाफ क्लचवर पाय ठेवून बसू नका.

चालवण्यात सगळ्यात मोठी गोष्ट एकच आहे, लांबचं बघून चालवा. पुढे लाल दिसतोय तर एक्सलेटरवरचा पाय आत्ताच काढा. दाबून जायचं आणि मग कचकन ब्रेक, यात तुम्ही पेट्रोल जाळून कमावलेला वेग ब्रेकच्या पॅडवर घासून फेकून देता. तो चाकावर बसणारा काळा भुगा असतो ना, तो पॅडचा आणि डिस्कचा, जेवढा चाकावर बसतो त्याहून जास्त रस्त्यावरच्या हवेत आणि पावसाळ्यात गटारात जातो. टायरचंही तेच, झिजलेलं रबर कुठं नाहीसं होत नाही, ते नदीला मिळतं. इलेक्ट्रिक गाडीलाही यातून सुटका नाही.

इथं न्यूट्रलबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण तुम्ही वाईच्या आहात, पसरणी घाट उतरत असाल. घाटात न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज आहे, माझ्या ओळखीचे ट्रक चालवणारे पण शपथेवर सांगतात. पाचगणीहून वाईला उतरताना मी एकदा मुद्दाम स्कॅनर लावून उतरलो. तिसरा गिअर, पाय एक्सलेटरवरून पूर्ण बाजूला, इंजिन १८०० आरपीएमवर, आणि इंजेक्टर शून्य. म्हणजे पेट्रोलचा एक थेंब जात नव्हता. चाकं इंजिनला फिरवत होती, कॉम्प्युटरने पेट्रोल तोडलेलं. मोकळी सरळ जागा बघून न्यूट्रल केलं तर लगेच तासाला पाऊण लिटर चालू, कारण आता इंजिनला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल पाहिजे. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं, आणि वर सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की पेडल खाली जातं. इंजिन बंद करून उतरणं तर विसराच, ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टर जातो, स्टिअरिंग दगडासारखं होतं. ज्या गिअरवर घाट चढाल साधारण त्याच गिअरवर उतरा.

हायवेला वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८०वरून १००ला गेलात की तो दीडपटीच्या वर जातो. माझ्या स्वतःच्या गाडीला सातारा ते पुणे ८०ने १९ मिळतं, १००ने १६. वेळ किती वाचतो, तर खेड-शिवापूरच्या टोलला तो परत जातो. काचा हायवेला बंद ठेवा आणि एसी लावा, गावात हळू जाताना काचा उघड्या चालतील. टपावर कॅरिअर असेल तर काम नसताना काढून ठेवा, डिकीतली जुनी गाठोडी पण, छोट्या गाडीत ५० किलो म्हणजे टक्काभर मायलेज.

टायरची हवा पंधरा दिवसांनी, सकाळी, गाडी फार न चालवता. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेलं असतं, पंपावरचा पोरगा विचारतो "कितना डालू" आणि आपण म्हणतो टाक तीस, तसं नको. आठ पॉइंट हवा कमी असेल तर दीड-दोन टक्के मायलेज जातं, टायरचे काठ आधी झिजतात आणि टायर वेळेआधी बदलावा लागतो. नायट्रोजनची गरज नाही, साधी हवा वेळेवर भरली तरी झालं.

आणि ही एक घरी करायची तपासणी, पैसे लागत नाहीत. दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून आलात, शेवटी फार ब्रेक न लावता थांबलात, की खाली उतरून चारी चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या, धग कळते. पुढची दोन मागच्यांपेक्षा गरम असणारच. पण पुढच्या दोघांत एक कोमट आणि एक चटका देणारं असेल, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाहीये, कॅलिपरची, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाची, पिन जाम आहे. गाडी दिवसभर ब्रेक धरून पळतेय. पुण्यात पावसाळ्यानंतर हे फार होतं. साफ करून ग्रीस मारायचं काम आहे, अर्धा तास.

एअर फिल्टरबद्दल लोक फार सांगतात, पण तुमच्या गाडीत तो थोडा घाण झाला म्हणून मायलेज पडणार नाही, कॉम्प्युटर हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतो, गाडी फक्त जड ओढते. वेळेवर बदला, बाकी चिंता नको. ऑइल मात्र पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं. "जाड टाका, इंजिन टिकतं" म्हणून ५डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतणारे अजून आहेत. पेट्रोल भरताना नोझल स्वतः कट झालं की थांबा म्हणायचं, राउंड फिगर करायला वर ढोसून भरू देऊ नका. टाकीची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो, वर भरलं की त्यात पेट्रोल शिरतं, डबा निकामी होतो आणि मग टाकीची वाफ कायमची हवेत.

आता जुन्या ऑइलचं, जे माझ्या मनाला एसीइतकंच लागतं. तुमच्या गाडीतनं दर सर्व्हिसिंगला तीन-साडेतीन लिटर काळं ऑइल निघतं. ते कुठं जातं हे कधी विचारलंय का? नियमाने तो धोकादायक कचरा आहे, नोंदणी असलेल्यालाच द्यायचा, तिथं ते परत शुद्ध होऊन वापरात येतं. प्रत्यक्षात बरंचसं कुठल्याही ड्रमवाल्याला जातं, भट्टीत जळतं. आणि थोडं तुम्ही-आम्हीच मागून नेतो. आमच्याकडे अजून महिन्याला दोघे-तिघे डबा घेऊन येतात, गोठ्याच्या लाकडाला वाळवीसाठी, नाहीतर गाडीच्या खालून फासायला. त्या ऑइलमध्ये इंजिनच्या झिजेचा धातू असतो, जस्त असतं, जळकं रसायन असतं. पहिल्या पावसात ते गोठ्यातनं ओढ्याला आणि ओढ्यातनं विहिरीला जातं. मी देत नाही, माणसं रागावतात. माझा २०० लिटरचा ड्रम परवानेवाला येऊन नेतो आणि पावती देतो, ती पावती मी काउंटरच्या मागे टाचून ठेवलीय. तुम्ही पण तुमच्या गॅरेजवाल्याला विचारा, पावती दाखवा म्हणा. दहा जणांनी विचारलं तर अकराव्याच्या आधी तो पावती घ्यायला लागेल. ऑइलचा रिकामा डबा मात्र समोर भोक पाडून घ्या, चांगले डबे बनावट ऑइल भरायला जातात.

कूलंट गटारात ओतू देऊ नका. ते गोड असतं, आणि जनावराला विष. आमच्या गॅरेजवर एक काळी कुत्री होती, सगळ्या पोरांची लाडकी. एका दुपारी ट्रेमध्ये काढून ठेवलेलं कूलंट तिने प्यायलं, कुणाचं लक्ष नव्हतं. दोन दिवसांत मूत्रपिंडं गेली, डॉक्टरांनी प्रयत्न केला पण उशीर झाला होता. तेव्हापासून आमच्याकडे ट्रे उघडा राहत नाही. जुनी बॅटरी नवीन घेताना दुकानातच परत द्या, त्यात शिसं असतं, पैसे पण वजा होतात. जुने टायर परत घेऊन येऊ नका, ते शेवटी शेकोटीत जातात आणि त्या धुरासारखा वाईट धूर नाही.

गाडी धुणं. पाइप लावून दहा मिनिटं धुतली की शंभर लिटरच्या पुढे पाणी, दोन बादल्या आणि एक मऊ फडकं घेतलं तर तीस लिटरच्या आत. वाईला गेल्यावर कृष्णेत गाडी घालून धुवायची हौस कुणाला असेल तर त्याला थांबवा, विशेषतः खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जी रांग लागते तेव्हा. पाण्यावर जो इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरतो तो आपल्याच गाडीखालचा असतो.

भावाच्या डिझेलचं थोडक्यात. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ, तो भरला की गाडी स्वतः ती काजळी जाळते, पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालावी लागते. भाऊ रोज बाजारपेठेत दोन किलोमीटर जाऊन येत असेल तर तो तुंबणारच. आठवड्यातनं एकदा, आणि दिवा लागला की लगेच, वाई ते सुरूर फाटा आणि पुढे हायवेला थोडं जाऊन यावं, इंजिन मध्येच बंद करू नये. फिल्टर आतनं पोकळ करून देणारे आहेत, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात नेणारी व्यवस्था) बंद करून देणारे पण आहेत. ती काजळी मग गल्लीत खेळणाऱ्या पोरांच्या छातीत जाते. त्याचं चालवणं कायम असंच छोटं असेल तर त्याने पुढची गाडी डिझेल घेऊ नये, एवढंच.

पीयूसी तुमच्या गाडीला वर्षातनं एकदा लागते. गाडी न बघता फोटो मागून कागद देणारे भेटतात, मलाही एकाने तसं दिलं होतं आणि मी परत केलं. नळी सायलेन्सरमध्ये घालून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दरवर्षी लिहून ठेवा. यंदा तो एकदम वाढला तर ऑक्सिजन सेन्सर नाहीतर कॅटकन दमत चाललाय, दिवा लागायच्या आधीच कळतं.

इलेक्ट्रिक नाही म्हणून मन खाऊ नका. नवीन गाडी आणि तिची बॅटरी बनतानाच काही टन कार्बन जातो, आणि आपली वीज अजून बरीचशी कोळशावर आहे. ज्याचं वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर चालवणं आहे त्याला इलेक्ट्रिकने लवकर भरपाई होते. तुमच्या ६६०० किलोमीटरला, चांगली ठेवलेली ही गाडी अजून पाच-सहा वर्षं चालवणं मला तरी चूक वाटत नाही. त्यातले आठवड्याचे दोन दिवस बसने किंवा कुणाबरोबर गेलात तर गॅरेजमध्ये मी करू शकतो त्याहून जास्त फरक पडेल.

सुरुवात अशी करा. उद्या टाकी कटपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, परत भराल तेव्हा किती लिटर गेलं ते लिहा, अशा तीन टाक्या. मीटरवरचा मायलेजचा आकडा धरू नका. दरम्यान निळा दिवा आणि चाकांची धग बघा. मग पुढच्या महिन्यात वाईला याल तेव्हा साताऱ्यापर्यंत या, एसीचं गॅसचं वजन करून गळती शोधू. आणि येताना गाडी धुवून आणू नका, कुठनं काय झिरपतंय ते चिकटलेल्या धुळीवरच दिसतं.